अमाइन लाइनचे वेल्ड: या चुका टाळा

गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड अमाइन या रसायनाने धुऊन काढणाऱ्या अमाइन युनिटमध्ये एक सवय सगळीकडे दिसते. पाइपची जाडी सरळ भागावर मोजायची, आकडा बरा आला की लाइन पास! पण गळती लागते ती बहुतेकदा वेल्डला, नाहीतर त्याच्या बोटभर बाजूला.

गळका जॉइंट घाईने पॅच मारून झाकू नका. शक्य असेल तर कापून काढा आणि आतून बघा. रूटचा मणी, म्हणजे वेल्डच्या तळाचा थर, पाइपच्या आत लोंबतोय आणि त्याच्या पुढे, प्रवाहाच्या दिशेला, खळगे पडलेत? मग अमाइन तिथे भोवऱ्यासारखं घुसळत होतं. रिच अमाइनचा (गॅसमधली घाण शोषून घेतलेल्या अमाइनचा) वेग कार्बन स्टीलमध्ये सेकंदाला 1.8 मीटरच्या आत ठेवतात तो याचसाठी. अशा जागी नुसता जाड पाइप बसवला तर पुढच्या शटडाऊनपर्यंतची सोय होते, इतकंच. पण वेल्डच नालीसारखा खाल्ला गेलाय आणि दोन्हीकडचा पाइप शाबूत आहे, असं दिसलं तर वेल्डिंगचा रॉड तपासा. अशा वेळी वेल्डची रासायनिक घडण पाइपशी जुळलेली नसते.

तिसरा प्रकार फसवा. जाडी पूर्ण, गंज नाही, तरी केसासारखी चीर. हे अमाइन स्ट्रेस करोजन क्रॅकिंग, म्हणजे ताण आणि अमाइन मिळून पाडतात ती चीर, आणि ते स्वच्छ समजल्या जाणाऱ्या लीन अमाइनच्या (घाण काढून टाकलेल्या अमाइनच्या) बाजूला जास्त सापडतं. इथे डीपी टेस्टवर, म्हणजे रंगीत डाय लावून चीर शोधण्यावर, विसंबू नका. चीर बारीक असते, गंजाने बुजलेली असते, डाय आत शिरतच नाही. वेट फ्लुओरोसंट मॅग्नेटिक टेस्टच करा; त्यात चुंबकाने ओढलेले चमकणारे कण चीर दाखवतात.

या चिरेचं मूळ वेल्डिंगनंतर धातूत अडकून राहिलेल्या ताणात असतं. म्हणून पीडब्ल्यूएचटी, म्हणजे वेल्डिंगनंतर जॉइंट तापवून ताण घालवणं, साधारण 635 अंश सेल्सिअसला, किमान तासभर. ‘हार्डनेस (धातूचा कडकपणा) 200 बीएचएनच्या, म्हणजे ब्रिनेल आकड्याच्या, आत आहे, मग पीडब्ल्यूएचटी कशाला?’ हा प्रश्न मी दर शटडाऊनला ऐकतो. मऊ वेल्डमध्येही ताण उरतोच, आणि तो हार्डनेसच्या आकड्यात दिसत नाही. दुसरी पळवाट सपोर्टची. पाइपला पाइप जोडणाऱ्या बट जॉइंटला पीडब्ल्यूएचटीचे हीटिंग पॅड लागतात, पण नंतर कुणीतरी पाइपच्या पोटाला बाहेरून सपोर्टची क्लिप वेल्ड करून जातो. एका प्लांटमध्ये अशाच क्लिपच्या बरोबर मागे, आतून, चीर मिळाली होती. क्लिपचं नाव कुठल्याच वेल्ड मॅपवर नव्हतं.

हे किरकोळ वाटत असेल तर अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं रोमिओव्हिल आठवा. तिथल्या रिफायनरीत गॅस धुणाऱ्या टॉवरचं, म्हणजे अमाइन अ‍ॅब्सॉर्बरचं एक कडं 1974 मध्ये बदललं होतं आणि त्या वेल्डला पीडब्ल्यूएचटी केलं नव्हतं. तिथली चिरेची जात वेगळी, वेल्डलगतच्या कडक झालेल्या पट्ट्यात हायड्रोजनने पाडलेली चीर. पण सुटलेली पायरी तीच. 23 जुलै 1984 ला ऑपरेटरला वीतभर चिरेतून गॅस येताना दिसला. तो व्हॉल्व्ह बंद करायला गेला, तोवर चीर वाढत गेली. टॉवर फुटला, वरचा भाग सुमारे किलोमीटरभर दूर जाऊन पडला. 17 माणसं गेली.

पीडब्ल्यूएचटी न झालेली जुनी लाइन हाती आली, तर तिला थेट स्टीम-आउट करू नका, म्हणजे वाफ सोडून साफ करू नका. आत राहिलेलं अमाइन तापतं आणि ताणलेल्या वेल्डवर तुटून पडतं. वेल्डिंगआधीही तेच. आधी ड्रेन, मग पाण्याने भरपूर धुणं. नाइट शिफ्टला वेळ वाचवायचा म्हणून नेमकं हे धुणंच गाळलं जातं. परमिटवर सही करण्याआधी ड्रेनचं पाणी स्वतः बघा.