हॉस्पिटलमधला गैरप्रकार कळवताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या एका नर्सिंग होममध्ये मी स्टाफ नर्स होते. एका शुक्रवारी दुरुस्तीसाठी सकाळी गेलेली लाइट संध्याकाळी आली. लसींच्या फ्रिजला इन्व्हर्टर नव्हता. दुपारी चारला मी पाहिलं तेव्हा थर्मामीटरवर १४ अंश होते. शनिवारी तापमानाचं रजिस्टर उघडलं तर शुक्रवारचे दोन्ही रकाने भरलेले: ४ अंश, ४ अंश. एकच अक्षर, एकच पेन. लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. उष्णतेने ताकद गेलेली लस नुसती बघून ओळखता येत नाही. बाळाला काय टोचलं गेलं हे त्याच्या आईला कधीच कळणार नव्हतं.

मी चहाच्या वेळी मेट्रनना, म्हणजे मुख्य सिस्टरना, तोंडी सांगितलं. "बघते हं," म्हणाल्या. सोमवारी माझी रात्रपाळी लागली आणि रजिस्टरचं ते पान नव्याने लिहिलेलं होतं. माझ्या हातात काहीच नव्हतं.

तोंडी सांगून थांबणं ही पहिली चूक. पेशंटला आत्ता धोका असेल तर आधी ड्युटी डॉक्टरांना सांगून ती गोष्ट थांबवा. त्या दिवशी मी लसींच्या बाटल्या बाजूला काढून ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावायला हवी होती. त्यानंतर त्याच दिवशी लिहा. "फ्रिजकडे कोणी लक्ष देत नाही" हे गाऱ्हाणं झालं. तारीख, वीज नसल्याची वेळ, चार वाजता दिसलेलं तापमान आणि रजिस्टरमधली नोंद, एवढं लिहिलंत तर कुणालाही ते तपासता येतं. ऐकीव माहिती असेल तर ‘ऐकलं’ असंच लिहा. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

दुसरी चूक मोबाइलची. रागाच्या भरात केसपेपरचा फोटो काढून स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, की पेशंटचं नाव आणि आजार चव्हाट्यावर येतो. मग चौकशी मूळ प्रकाराची राहत नाही, तुमची होते. मूळ कागद घरी नेऊ नका. रजिस्टरचं नाव, पान आणि तारीख टिपून ठेवा, तपासणारे ते मागवू शकतात.

त्याच अर्जात थकलेली इन्क्रिमेंट किंवा मेट्रनशी झालेली बाचाबाची घालू नका. ते दुःख खरं असेल, पण त्याचा अर्ज वेगळा. एकत्र केलंत की "हिला राग आहे म्हणून लिहितेय" म्हणायला व्यवस्थापन मोकळं.

चुकीच्या दारावर महिने वाया जातात. नर्सिंग होमची नोंदणी ठाणे आणि नवी मुंबईत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते, फ्रिजचा अर्जही तिथेच. जैववैद्यकीय कचरा प्रक्रियेविना ४८ तासांहून जास्त पडून असेल किंवा पिवळ्या पिशवीतलं लाल पिशवीत जात असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. मुदत संपलेली औषधं विकली जात असतील तर अन्न व औषध प्रशासन. सरकारी दवाखान्यात पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४. डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. लैंगिक छळाची तक्रार हॉस्पिटलच्याच अंतर्गत समितीकडे, साधारण ३ महिन्यांच्या आत. तिथे कामाला दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

"कायदा आहे ना पाठीशी" असं धरून चालू नका. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ साली मंजूर झाला, पण अमलात आला नाही. शिवाय तो सरकारी कारभाराबद्दलच्या तक्रारींसाठी आहे, खासगी हॉस्पिटलमधल्या सिस्टरला त्याचा आधार नाही. म्हणून अर्ज देण्याआधी नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि ड्युटी चार्टच्या प्रती घरी ठेवा. सोबत सही करणारी एखादी सहकारी मिळाली तर फार बरं. तडकाफडकी राजीनामा देऊ नका. निनावी अर्जाचा मोह मला समजतो, घर चालवायचं असतं. पण नाव नसलेला अर्ज बहुतेक वेळा फाइलबंद होतो. नाव देऊन ते गुप्त ठेवण्याची लेखी विनंती करा.

पोच घेतलीत, आता गप्प बसू नका. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर त्याच सरकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मजकूर एवढाच: "माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, त्याच्या टिपणीची प्रत द्यावी."