घरच्या प्रिंटरची शाई नेमकी जाते कुठे? या चुका टाळा

शाई कागदावर खर्च होते असं आपण धरून चालतो. पण ज्या घरात महिन्याकाठी दहा-पंधरा पानंच निघतात, तिथे इंकजेट प्रिंटरची बरीचशी शाई कागदाला शिवतही नाही. ती प्रिंटरच्या पोटातल्या स्पंजासारख्या पॅडमध्ये जाऊन बसते. त्यामुळे ‘रंगीत काढू नका, पाठपोट छापा’ हे नेहमीचे सल्ले जरा बाजूला ठेवू आणि आधी या पॅडकडे बघू.

भिंतीवरच्या बोर्डाचं बटण

इंकजेट प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की आतून थोडा घरघर आवाज येतो, शाई फवारणारं हेड सरकत कोपऱ्यात जातं आणि खालून रबरी टोपी येऊन त्याला चिकटते. हेडची छिद्रं केसापेक्षाही बारीक असतात. त्यांतली शाई या टोपीमुळे ओली राहते. आपल्याकडे मात्र काम झालं की थेट बोर्डाचं बटण दाबायची सवय. हेड अर्ध्या वाटेत असताना वीज तुटली तर टोपी बसतच नाही. दोन-चार दिवसांत शाई सुकते, पुढच्या प्रिंटला पांढऱ्या रेघा येतात आणि मग सफाईच्या नावाखाली शाई वाहायला लागते.

म्हणून आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मगच बोर्ड. लोडशेडिंगच्या गावात हे आणखी महत्त्वाचं. छापता छापता वीज गेली, तर परत आल्यावर काही छापायचं नसलं तरी प्रिंटर एकदा चालू करून बटणाने नीट बंद करा.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे एकेका पानासाठी दिवसातून चार वेळा चालू-बंद करणं. बरीच मॉडेल्स चालू होताना थोडी शाई ओढून स्वतःची सफाई करतात. संध्याकाळी सगळी पानं एकदम काढली की हा खर्च एकदाच होतो.

रेघ दिसली की लगेच हेड क्लीनिंग

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हेड क्लीनिंग म्हणजे छिद्रांतून शाई खेचून पॅडमध्ये टाकणं. सलग सात-आठ वेळा केलं की टँकमधली (बाटलीतून शाई ओतून भरायच्या टाकीतली) पातळी डोळ्यांना दिसेल इतकी उतरते. शिवाय पॅड भरत जातं. ते भरलं असं प्रिंटरच्या मोजणीत आलं की दिवे लुकलुकतात आणि छपाई बंद पडते. मग सर्व्हिस सेंटरला पॅड बदलून ती मोजणी शून्यावर आणावी लागते. काही नव्या मॉडेल्समध्ये हा डबा आपल्यालाच बदलता येतो, घेताना ते विचारून घ्या.

क्लीनिंगच्या आधी नोझल चेक काढा. त्याला शाई नगण्य लागते. कागदावर चार रंगांत छोट्या-छोट्या रेघांची जाळी उमटते. जाळी अखंड असेल तर हेड साफ आहे आणि कितीही क्लीनिंग केलं तरी काही सुधारणार नाही. अशा वेळी बहुतेकदा अलाइनमेंट, म्हणजे हेडची सरळ रेषेतली जुळणी, हललेली असते किंवा कागदाचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो. जाळीत एखाद्या रंगाच्या रेघा गाळलेल्या दिसल्या तर एकदा क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक. असं तीनदा करूनही फरक नसेल तर थांबा. प्रिंटर बंद करून रात्रभर ठेवा. नळीतले हवेचे बुडबुडे बसतात, सुकलेली शाई थोडी सैल होते, आणि सकाळी एका क्लीनिंगमध्ये काम होतं असा अनुभव अनेकांना येतो.

काही टँकच्या प्रिंटरमध्ये ‘पॉवर क्लीनिंग’ नावाचा एक जालीम उपाय असतो. त्यात नळ्यांमधली शाईच बदलली जाते, म्हणजे किती जात असेल त्याचा विचार करा. टँक एक तृतीयांशापेक्षा कमी भरलेली असताना तो करूच नका, नळीत हवा शिरते.

हे सगळं टाळायचं तर आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं एखादं छोटं पान काढा. नोझल चेकचं पानही चालतं.

व्हॉट्सअॅपवरचा फोटो तसाच छापणं

शाळेचा ग्रुप. बाईंनी वर्कशीटचा फोटो टाकला, आपण तो उघडला, प्रिंट मारली. फोनवर तो कागद पांढरा वाटतो, पण तो पांढरा नसतो. ट्यूबलाइटची पिवळट छटा, हाताची सावली, कोपऱ्यात टेबलाची कड, आणि मागच्या पानावरचा मजकूर फिकट उमटलेला. प्रिंटर बिचारा हे सगळं इमानेइतबारे छापतो. अक्षरांना लागते त्याच्या कितीतरी पट शाई त्या राखाडी पार्श्वभूमीत जाते आणि पान ओलं होऊन वाकतं ते वेगळंच.

उपाय फुकट आहे. गूगल ड्राइव्हमध्ये किंवा फोनच्या कॅमेऱ्यात कागद स्कॅन करायची सोय असते. फोटो त्यात घ्या, कडा कापा आणि काळा-पांढरा फिल्टर लावा. पार्श्वभूमी खरोखर पांढरी झाली की मगच प्रिंट काढा. डार्क मोडमधले स्क्रीनशॉट तर कधीच तसे छापू नका. काळ्यावर पांढरी अक्षरं म्हणजे अख्खं पान शाईने माखणं.

‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडूनही रंग संपतो

ग्रेस्केल निवडलं म्हणजे फक्त काळी शाई वापरली जाईल असं नाही. बरेच प्रिंटर राखाडी छटा तिन्ही रंग मिसळून तयार करतात. एचपीच्या कित्येक ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) ग्रेस्केलखाली दोन पर्याय दिसतात: एक उत्तम दर्जाचा, दुसरा फक्त काळ्या शाईचा. दुसरा निवडा. कागदाच्या प्रकारात ‘प्लेन’ आहे ना तेही बघा. तिथे चुकून ग्लॉसी राहिलं असेल तर काही प्रिंटर काळी शाई बाजूला ठेवतात आणि काळी अक्षरंही रंगांतून बनवतात. रोजच्या कामाला ड्राफ्ट दर्जा डिफॉल्ट करून टाका, महत्त्वाचं पान असेल तेव्हा वाढवता येतो.

फॉन्टबद्दल फार बोललं जातं. इंग्रजीत सेंच्युरी गॉथिकला एरियलपेक्षा शाई कमी लागते हे खरं, पण तो रुंद असल्यामुळे मजकूर पुढच्या पानावर जातो आणि कागद वाढतो. मराठीत मंगल हा फॉन्ट ओळींमध्ये भरपूर जागा खातो. त्याऐवजी कोकिळा वापरला तर अक्षर बारीक येतं, आकार दोन-चार पॉइंट वाढवावा लागतो, तरी पानं कमी होतात. विंडोज १० पासून तो वेगळा जोडून घ्यावा लागतो. घरच्या दहा पानांसाठी एवढा खटाटोप करावा असं मला वाटत नाही. पाऊणशे पानांचा प्रकल्प असेल तर जरूर करा.

‘शाई संपत आली’ या इशाऱ्याचा अर्थ

इथे कार्ट्रिज आणि टँक यांचे नियम अगदी उलटे आहेत आणि लोक नेमके तेच उलटे पाळतात. कार्ट्रिजमधला इशारा हा अंदाज असतो. अक्षरं फिकी पडेपर्यंत खुशाल छापत राहा. लेझर प्रिंटरमधलं टोनरचं, म्हणजे पुडीच्या शाईचं, कार्ट्रिज असेल तर काढून आडवं धरून हळूच हलवा, आणखी बरीच पानं निघतात. टँकमध्ये मात्र खालच्या रेघेखाली शाई जाऊ देऊ नका. हवा हेडपर्यंत पोचली की वाचवलेली शाई क्लीनिंगमध्ये दामदुपटीने जाते.

बाहेरची स्वस्त शाई वापरायला माझी हरकत नाही, वॉरंटी संपली असेल तर. पण डाय (पूर्ण विरघळलेला रंग) आणि पिगमेंट (न विरघळणारे रंगाचे बारीक कण) या दोन प्रकारच्या शायांची भेसळ करू नका. अनेक टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे तीन रंग डाय असतात. ‘सगळ्याला चालते’ म्हणून दुकानदाराने हातात दिलेली बाटली काळ्या टँकमध्ये ओतण्याआधी लेबल वाचा.

कागदाचं थोडक्यात: कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडं रिम दमट होतं. शाई पसरते, पानं एकमेकांना चिकटून दोन-दोन आत जातात. रिम प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

प्रिंटर स्वस्त बघून घेणं

एचपी ८०३चं काळं कार्ट्रिज साधारण १९० पानांचं असतं. समजा ते ९०० रुपयांना पडलं, तर पानाला पावणेपाच रुपये. एप्सनच्या टँक प्रिंटरची ००३ क्रमांकाची ६५ मिलिलिटरची काळी बाटली साधारण ४,५०० पानांची. ती ४०० रुपयांना धरली तर पानाला नऊ पैसे. पानांचे हे आकडे कंपनीच्या चाचणीचे आहेत, म्हणजे पानावर थोडाच मजकूर असं धरून. भरगच्च पान किंवा फोटो असेल तर कमी निघतील, पण दोन्हीकडे सारखेच कमी. आणि वर सांगितलेली सफाईची शाई या हिशोबात नाहीच.

म्हणून रोज छपाई असेल तर टँक घ्या. महिना-महिना हात लागत नसेल आणि रंग नको असेल तर साधा काळा लेझर. टोनर ही पूड असल्यामुळे ती सुकायचा प्रश्नच नाही. आणि वर्षाला जेमतेम पन्नास पानं लागत असतील तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पानाला पाच रुपये दिले तरी ते अडीचशेच होतात. तिकीट फोनवर दाखवलं तरी चालतं, ई-आधारही मूळ पत्राइतकंच ग्राह्य असतं. त्यामुळे ती पन्नास पानंही खरोखर लागतात का, हे प्रिंटर घ्यायला निघण्याआधी एकदा मोजून बघा.