हृदयाच्या सिम्युलेशनची विश्वासार्हता कशी तपासावी

हृदयाच्या हालचालीचे सिम्युलेशन (संगणकावर केलेली गणिती नक्कल) तपासताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: संगणक समीकरणे अचूक सोडवतो का, आणि ती समीकरणे खऱ्या हृदयाला लागू पडतात का. पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे वळू नये, कारण गणनेतील चूक आणि चुकीचे गृहीतक एकमेकांना झाकू शकतात, आणि मग निकाल रुग्णाच्या मोजमापाशी जुळला तरी तो कशामुळे जुळला हे सांगता येत नाही.

गणनेच्या पडताळणीसाठी 2015 साली प्रसिद्ध झालेल्या तीन प्रमाण-समस्या (सर्वांनी सारख्याच सोडवून उत्तरे ताडून पाहण्याचे ठरावीक प्रश्न) सोडवाव्यात. पहिलीत एका टोकाला जखडलेली 10 मिलिमीटर लांबीची पट्टी खालून दिलेल्या दाबाने वाकते. हा दाब वाकलेल्या पृष्ठभागाला सतत लंब राहायला हवा, आणि तो मूळ दिशेतच लावला जात असेल तर दोष इथेच उघड होतो. दुसरीत डाव्या निलयासारखा (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यासारखा) लंबगोल कप 10 किलोपास्कल दाबाने फुगतो. तिसरी सर्वांत मोलाची आहे: तिथे स्नायूंच्या तंतूंची दिशा भिंतीच्या जाडीतून बदलत जाते आणि दाबाबरोबर सक्रिय आकुंचनही असते, त्यामुळे कपाला पीळ पडतो. पीळ उलट्या दिशेने पडला, तर तंतूंच्या कोनाचे चिन्ह आधी तपासावे. 11 संशोधक गटांनी हे प्रश्न सोडवले तेव्हा बारीक जाळीवरच्या (गणनेसाठी आकाराचे ज्या लहान तुकड्यांत विभाजन करतात, त्यांच्या जाळीवरच्या) उत्तरांत साधारण 0.5 टक्क्याचाच फरक राहिला. आपले उत्तर त्याहून बरेच दूर असेल तर पुढे जाऊ नये.

प्रत्येक वेळी जाळी टप्प्याटप्प्याने बारीक करून उत्तर स्थिरावते का, हे पाहावे. हृदयाचे स्नायू जवळजवळ असंपीड्य (दाबले तरी आकारमान न बदलणारे) असल्याने साध्या रेषीय चतुष्फलकांची (चार त्रिकोणी बाजूंच्या तुकड्यांची) जाळी कृत्रिमरीत्या ताठ होते आणि विस्थापन खऱ्यापेक्षा कमी दिसते.

त्यानंतर खऱ्या हृदयाशी तुलना करावी. ज्या आकड्यावरून मॉडेलचे गुणांक बसवले, तोच आकडा पुरावा म्हणून दाखवू नये. इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला निलयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण) जुळवून घेतले असेल, तर टॅग केलेल्या एमआरआयमधील (स्नायूवर चुंबकीय खुणा उमटवून त्यांची हालचाल टिपणाऱ्या चित्रणातील) स्थानिक ताणविकृती (स्नायूचे ठिकठिकाणचे ताणणे-आखडणे) किंवा पीळ यांच्याशी निकाल पडताळावा. स्नायूंचा ताठपणा, तंतूंचे कोन आणि हृदयावरणाच्या (हृदयाभोवतीच्या पिशवीच्या) सीमा-अटी, म्हणजे कडांवर घातलेली बंधने, मोजमापातील अनिश्चिततेइतक्या बदलून गणना पुन्हा करावी, आणि अहवालात एकच आकडा न देता उत्तरांचा पल्ला द्यावा.