उत्तर नॉर्वेला निघताय? तिकिटाआधी महिना ठरवा

ट्रोम्सोला जायचं ठरलं की लोक आधी विमानाचे दर बघत बसतात. ते नंतर. आधी घरच्यांना एकत्र बसवून एकच गोष्ट पक्की करा: मध्यरात्रीचा सूर्य बघायचाय की नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशात नाचणारे ते हिरवट प्रकाशाचे पट्टे? एका फेरीत दोन्ही जमत नाही. हे गाव आर्क्टिक वृत्ताच्याही साधारण ३५० किलोमीटर वर आहे. तिथे २० मेच्या सुमारास सूर्य मावळणं बंद होतं, ते २२ जुलैपर्यंत. लाइट्स तेव्हाही आकाशात असतात, पण उजेडात दिसणार कशा? उलट नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. मात्र तेव्हाही मिट्ट काळोख नसतो, दुपारी दोन-चार तास निळसर संधिप्रकाश असतो.

मग कालनिर्णय काढा, कारण आपली खरी अडचण रजेची. मे महिन्याची सुट्टी आपल्याला सोयीची, पण तिकडे बर्फ वितळून चिखल झालेला असतो, कुत्र्यांच्या स्लेज बंद झालेल्या असतात आणि रात्रही नसते. सूर्यच बघायचा असेल तर शाळा उघडायच्या आत जूनचा पहिला पंधरवडा गाठा. जुलैत फिनलंडच्या लॅपलंडमध्ये उतरणार असाल तर डासांचं मलम न्या, तिथे डास भयंकर असतात. दिवाळीत अंधार मिळतो, पण गावात बर्फ असेलच असं नाही. नाताळात सगळंच महाग.

माझं मत विचाराल तर सप्टेंबरची अखेर, नाहीतर मार्च. दिवस आणि रात्र साधारण समान असतात त्या सुमारास पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याला (सूर्याकडून येणाऱ्या, लाइट्स पेटवणाऱ्या कणांच्या झोताला) जास्त वाव देतं, म्हणून लाइट्स जोरात दिसायची शक्यता वाढते. शिवाय दिवसा फिरायला ऊन मिळतं. सप्टेंबरच्या शेवटी बहुतेक वेळा आपला पितृपक्ष असतो: गणपती झालेले, नवरात्र यायचं, लग्नकार्य नाही, ऑफिसात रजेवरून कोणाशी भांडण नाही. घरचं श्राद्ध आटोपून निघा. ‘या दिवसांत प्रवास नको’ म्हणणारं कोणी मोठं माणूस असेल, तर त्यांच्याशी तिकीट काढायच्या आधी बोला, नंतर नाही. सप्टेंबरअखेरीस तिकडे बर्चची झाडं पिवळीधमक असतात आणि थंडी सोसवते. मार्चमध्ये बर्फ भरपूर, स्लेज चालू, पण मुलांच्या परीक्षा. तो महिना निवृत्त मंडळींचा.

महिना कोणताही घ्या, एकाच भागात किमान चार रात्री ठेवा. ट्रोम्सो लाइट्सच्या पट्ट्यातच येतं, त्यामुळे त्या दिसणं-न दिसणं बहुतेकदा ढगांवर ठरतं. समुद्र जवळ, म्हणून ढग फार. स्थानिक गाइड मोकळं आकाश शोधत गाडी थेट फिनलंडच्या सीमेपर्यंत नेतात, त्या सहलीचे पैसे वाचवू नका. पौर्णिमा टाळायचीही गरज नाही, चांदण्यात डोंगर छान दिसतात.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. पुढे स्वालबार्डलाही, म्हणजे नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडच्या बेटांवर, जायचं असेल तर दुहेरी प्रवेशाचा व्हिसा मागा: स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे, तिथून परतताना पुन्हा शेंगेनमध्ये शिरावं लागतं.

आता कपडे. उबदार सागरी प्रवाहामुळे ट्रोम्सोचा हिवाळा वाटतो तेवढा क्रूर नसतो, सरासरी उणे चारच्या आसपास. पण देशाच्या आत, फिनलंडकडे, पारा उणे पंचवीसलाही जातो. अंगालगत लोकरीचा पातळ थर, मध्ये फ्लीस, बाहेर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन घरीच ठेवा, घामाने ओला झाला की तोच गारठवतो. बूट एक माप मोठे घ्या, म्हणजे जाड मोज्यांतही बोटं हलतील. घट्ट बुटात पाय लवकर गार पडतात. बुटाखाली लावायचे खिळ्यांचे पट्टे तिथेच मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्या, कारण गावातले उतार बर्फाने काचेसारखे होतात. कॅमेऱ्याची जादा बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत ती पटकन उतरते. आणि बाहेरून हॉटेलात शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा. तासाभराने उघडा, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

खाण्याचं राहिलं. तिथे हॉटेलात जेवणं महाग, म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली बघा. भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या, पोहे न्या. मात्र भारतातून दूध-दुभत्याचे किंवा मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत, तेव्हा आईने बॅगेत तुपाची बरणी आणि पेढे सारले असतील तर ते विमानतळावर जायच्या आधीच काढा.