सुप्त अलील लवकर का संपत नाही: मोजून पाहा

नैसर्गिक निवड शिकवताना मी आता फळ्यावर आधी सूत्र लिहीत नाही. कागद घ्यायला सांगते आणि जीव मोजायला लावते. तुम्हीही घ्या.

१०,००० नवजात जीव धरा. अ आणि ब हे दोन अलील, म्हणजे एकाच जनुकाची दोन रूपं; प्रत्येक जिवात असे दोन असतात. दोघांची वारंवारता, म्हणजे एकूण अलीलांतला वाटा, ०.५. जोड्या यादृच्छिक जुळत असतील तर अअ २५००, अब ५०००, बब २५००. ब सुप्त आहे, म्हणजे त्याचा परिणाम फक्त बबमध्ये दिसतो. आता फिटनेस ठरवा: अअ आणि अब १, बब ०.४. (इथे फिटनेस म्हणजे फक्त जगण्याचं प्रमाण, खऱ्या जगात त्यात संततीची संख्याही येते.) गुणाकार करा. बब १००० उरतात, एकूण ८५००. प्रत्येकाचे दोन, म्हणजे अलील १७,०००. त्यात ब किती? अबचे ५०००, बबचे २०००. ७००० भागिले १७,००० म्हणजे ०.४१. बहुतेक मुलं इथे २०,०००नेच भागतात. छेदात मेलेले जीव घ्यायचे नाहीत, हे मी दर वेळी लाल शाईने लिहिते. नव्या वारंवारतेवरून पुढची पिढी मांडा आणि तेच पुन्हा करा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. ब फक्त ०.०१ ठेवा आणि बबचा फिटनेस शून्य करा, म्हणजे निवड अगदी निर्दय. १०,००० जिवांत बब निघतो एक. अब निघतात १९८. तो एक मेला तरी ब ०.०१ वरून ०.००९९ वर येतो, एवढंच. निम्मा व्हायला १०० पिढ्या लागतात! निवडीला जीव दिसतो, अलील दिसत नाही, आणि अबमध्ये ब झाकलेला असतो.

शेवटी अबला वरचढ करा. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं उदाहरण हेच आहे: मलेरियाच्या प्रदेशात एकच सिकल अलील असलेल्यांना संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. सरावासाठी माझे आकडे घ्या: अअ ०.९, अब १, बब ०.२. ब कुठूनही सुरू करा, ०.५ वरून किंवा ०.०१ वरून; पिढ्यांमागून पिढ्या तो १/९ कडे सरकतो. पडताळा सोपा आहे. ८१०० जीव घ्या: ६४००, १६००, १००. निवडीनंतर उरतात ५७६०, १६००, २०. ब अलील १६४०, एकूण १४,७६०. भागून बघा, पुन्हा १/९ च येतो.