शाब्ली फ्रीजमधून काढून लगेच ओतू नका
शाब्ली म्हणजे फ्रान्समधल्या बरगंडी प्रांताच्या पार उत्तरेची, शार्डोने द्राक्षांची पांढरी वाइन, तिथे थंडी असल्यामुळे द्राक्षात आंबटपणा छान टिकतो. पण बाटली गारठलेली असेल तर वासच येत नाही, म्हणून १५-२० मिनिटं बाहेर ठेवा, १०-१२ अंशाला आली की मग ओता, ग्लास अर्ध्याहून कमीच भरा, गरगर फिरवा आणि सरळ नाक आत घाला. आधी लिंबाची साल, हिरवं सफरचंद, मग ओल्या दगडासारखं काहीतरी येतं, ते फार सुंदर असतं! घोट तोंडात घोळवा, गिळल्यावर कैरीची फोड खाल्ल्यासारखं जिभेच्या कडांना पाणी सुटतं ना, तिथे थांबा, घाई नको. लाकडी पिंपात मुरलेल्या वाइनसारखा बटर, व्हॅनिलाचा वास शोधू नका, साधी शाब्ली बहुतेक स्टीलच्या टाकीतच तयार होते. सोबत ताजी कालवं मिळाली तर सोनंच, तिथल्या मातीतसुद्धा कालवांचे जीवाश्म सापडतात.