स्त्रीवादी झीन कसं काढावं: सुरुवात एका कागदापासून

झीन म्हणजे स्वतः लिहून, स्वतः छापून, हातोहात वाटलेली छोटी पुस्तिका. एक कोरा ए४ कागद घ्या आणि वाचता वाचताच घड्या घाला. कागद आडवा धरायचा. घड्या अशा पाडायच्या की वर चार आणि खाली चार असे आठ सारखे चौकोन दिसतील. मग कागद उलगडून, दोन्ही आखूड कडा एकमेकींवर येतील असा मधोमध दुमडा. दुमडलेल्या बाजूकडून मधल्या आडव्या घडीवर कात्री चालवा आणि पुढची उभी घडी आली की थांबा. उलगडल्यावर कागदाच्या पोटात एक चीर दिसेल. आता लांब कडा एकमेकींवर येतील असा कागद दुमडा, दोन्ही टोकं धरा आणि मध्याकडे ढकला. चीर उघडते, वरून पाहिलं तर अधिकचं चिन्ह दिसतं. ते एका बाजूला वळवून दाबलं की हातात आठ पानांची पुस्तिका येते. पिन नको, डिंक नको.

आता पानांचा क्रम. लिहिण्याची बाजू वर ठेवून कागद पुन्हा उलगडा. खालच्या ओळीत डावीकडून ८, १, २, ३ आणि वरच्या ओळीत डावीकडून ७, ६, ५, ४. वरची चारही पानं उलटी, म्हणजे अक्षरांचं डोकं मधल्या घडीकडे. १ हे मुखपृष्ठ, ८ मलपृष्ठ. माझ्या पहिल्या झीनमध्ये वरची ओळ मी सरळच लिहिली होती, आणि ते कळलं चाळीस प्रती काढून झाल्यावर. म्हणून आधी नुसते आकडे टाकून एक डमी करा आणि शेवटपर्यंत ती टेबलावरच राहू द्या.

इतकं जमलं की झीनचं तंत्र निम्मं आलं. 'फॅनझीन' हा शब्द १९४० मध्ये अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या चाहत्यांमध्ये तयार झाला, 'झीन' हे त्याचंच आखूड रूप. स्त्रियांनी हे माध्यम उचललं त्यामागे साधा हिशेब होता: जे सांगायचं होतं ते छापायला कुणी तयार नव्हतं. बॉस्टनमधल्या काही स्त्रियांनी आपल्याच शरीराबद्दल माहिती गोळा करून १९७० मध्ये साध्या वर्तमानपत्री कागदावर १९३ पानांची पुस्तिका काढली. किंमत होती ७५ सेंट. पुढे तिचंच 'अवर बॉडीज, अवरसेल्व्ह्ज' हे जगभर वाचलं गेलेलं पुस्तक झालं. १९९१ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया शहरात पंक या बंडखोर रॉक संगीताच्या बँडमधल्या मुलींनी झेरॉक्स केलेल्या झीनमधून 'रायट गर्ल' चळवळ उभी केली. त्या चळवळीत गोऱ्या मुलींचाच आवाज मोठा होता, हा आक्षेपही झीनमधूनच पुढे आला. मिमी थी नुएन यांनी १९९७ मध्ये गोऱ्या नसलेल्यांचं लेखन एकत्र करून स्वतंत्र झीन काढलं. म्हणून आपल्या लेखिकांची यादी झाली की एकदा तिच्याकडे नीट बघा. सगळ्या एकाच वर्गातल्या, एकाच जातीतल्या, एकाच वयाच्या निघाल्या, तर कुणाला विचारायचं राहिलं ते तिथेच दिसेल.

विषय लहान निवडा. आठ पानांत 'स्त्री-पुरुष समानता' मावत नाही, 'मुलींच्या कपड्यांना खिसे का नसतात' मावतं. रात्री घरी परतताना फोनवर बोलण्याचं नाटक, घरातली ठरलेली खुर्ची, डॉक्टरांसमोर न विचारलेले प्रश्न, हे सगळं मावतं. आणि सगळं लेखच असायला हवं असं कुठे आहे? पत्र चालतं, यादी चालते, काढलेलं-खोडलेलं चित्र चालतं. माझ्या मते सर्वात उपयोगी झीन म्हणजे नकाशा: परिसरातली स्त्रियांची स्वच्छतागृहं, त्यांच्या वेळा, आतून कडी लागते की नाही. असं झीन लोक पर्समध्ये ठेवतात. कविता ठेवतीलच असं नाही.

गटाने काढणार असाल तर कोण काय ठरवणार हे पहिल्याच बैठकीत लिहून काढा. 'आमच्यात कुणी प्रमुख नाही' हे ऐकायला छान वाटतं. पण जिथे रचना ठरलेली नसते तिथे न दिसणारी रचना तयार होते आणि तिला जाब विचारता येत नाही, हे अमेरिकन स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांनी स्त्रीमुक्ती गटांना १९७० मध्येच सांगून ठेवलंय. मजकूर कोण तपासणार, काटछाट करण्याआधी लेखिकेला विचारणार का, वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, एवढं ठरलं तरी पुरे. दुसरीची भाषा मात्र 'शुद्ध' करायला जाऊ नका. तिची बोली हाच तिचा मजकूर असतो.

यानंतरचा टप्पा सर्वात महत्त्वाचा आणि नेमका तोच घाईत सुटतो. स्क्रीनवरची पोस्ट निदान काढता येते, वाटलेला कागद परत मागवता येत नाही. म्हणून प्रत्येकीची संमती आधी, लेखी आणि सुटी सुटी घ्या. खरं नाव की टोपणनाव? फक्त कागदावर की पीडीएफ म्हणूनही? दुसऱ्यांदा छापताना पुन्हा विचारायचं का? 'हो, टाका ना' एवढ्यावर भागवू नका, कारण कागदावरच्या वीस प्रतींना हो म्हणणारी बाई इंटरनेटला हो म्हणत असतेच असं नाही. छापायला देण्याच्या आदल्या दिवसापर्यंत मजकूर मागे घ्यायची मुभा ठेवा आणि कारण विचारू नका.

अनुभव छळाचा असेल तर नाव बदलून भागत नाही. ऑफिस, हुद्दा आणि वर्ष मिळून माणूस ओळखू येतो, म्हणून ते तपशीलही लेखिकेशी बोलून बदला. आरोपीचं नाव छापायचं असेल तर बदनामीच्या कायद्याची जाण असलेल्या वकिलांना आधी दाखवा. फाइलींकडेही बघा. फोनवर काढलेल्या फोटोत जागेची नोंद असू शकते, पीडीएफच्या माहितीत कॉम्प्युटर वापरणाऱ्याचं नाव बसलेलं असू शकतं. अनेक रंगीत लेझर प्रिंटर तर पानावर डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे पिवळे ठिपके छापतात, ज्यांत यंत्राचा क्रमांक आणि तारीख असू शकते. निनावी मजकुराची मूळ प्रत हाताने लिहावी किंवा काळ्या शाईत छापावी आणि प्रती साध्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर काढाव्यात.

मांडणीचा भाग तुलनेने मजेचा. यंत्र सहसा कडेपर्यंत छापत नाही, तेव्हा चारही बाजूंनी एक सेंटीमीटर मोकळा सोडा. चिकटवायला ग्लू स्टिक घ्या, पातळ डिंकाने कागद सुरकुततो. कात्रणांच्या कडांची सावली झेरॉक्सवर काळी रेघ होऊन उमटते, ती मूळ प्रतीवर व्हाइटनरने बुजवा. फिकट निळी पेन्सिल झेरॉक्सला बहुधा दिसत नाही, म्हणून आखणी तिनेच करा. फोटोतला काळा-पांढरा फरक वाढवून घ्या, नाहीतर चेहऱ्यांचे डाग होतात. देवनागरीची एक वेगळी अडचण आहे: अक्षर लहान झालं की 'ध' आणि 'घ' सारखेच दिसतात, जोडाक्षरांत शाई भरते आणि अनुस्वार शिरोरेखेत बुडतो. टाइप करणार असाल तर ११ पॉइंटच्या खाली जाऊ नका. 'मुक्ता' किंवा 'बालू' यांसारखे मोफत युनिकोड फॉन्ट घ्या, कारण जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेला की त्याची चिन्हं होतात. हस्ताक्षर बरं असेल तर हातानेच लिहा.

प्रत नेहमी मूळ प्रतीवरूनच काढायची. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत असं करत गेलं की अक्षर फाटत जातं. मूळ कागद न कापता, सपाट, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

आठ पानं कमी पडू लागली की पिना मारलेली पुस्तिका करा. तिची पानं चारच्या पटीत लागतात. चार ए४ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की ए५ आकाराची १६ पानं होतात. कागदाच्या एकाच बाजूला शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी १७ असते: १६ आणि १, २ आणि १५. बेरीज चुकली तर पान चुकलं. प्रिंटरवर दोन्ही बाजूंनी छापताना आखूड कडेवर पलटण्याचा पर्याय निवडा. लांब हाताचा स्टेपलर नसेल तर पुस्तिका पुठ्ठ्याच्या खोक्यावर पालथी उघडी ठेवून, स्टेपलर उघडा करून घडीवर पिना मारा, अलगद उचला आणि मागची टोकं चमच्याने वळवा. किंवा तीन भोकं पाडून दोरा ओवा. दिसतंही छान.

वाटप ओळखीपासून सुरू होतं. मैत्रिणी, वाचनालय, वाट पाहायची कुठलीही खोली, दुसऱ्या कुणाच्या झीनशी अदलाबदल. मलपृष्ठावर 'कॉपी करा आणि पुढे द्या' असं लिहिलंत तर लोक खरंच देतात, मात्र त्यालाही लेखिकांची संमती लागेल. संपर्कासाठी वेगळा ईमेल पत्ता उघडा, स्वतःचा फोन नंबर नको. पीडीएफ ठेवायला सगळ्या तयार असतील तर सोबत साधा मजकूरही द्या, कारण दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला हस्ताक्षराचं स्कॅन वाचता येत नाही.

महिना आणि वर्ष छापायला विसरू नका, बहुतेक जण विसरतात. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या ग्रंथालयात २००३ पासून झीनचा संग्रह आहे. तिथे शक्यतो दोन प्रती घेतात, एक जतनासाठी आणि एक वाचकांना द्यायला. घरीही तेवढंच करा: एक प्रत कपाटात, एक लोकांच्या हातात. कपाटातली कुणी मागितली तर झेरॉक्स द्या.